शेवटचा फर्मा

पुठ्ठेकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. बायको 'अहो' म्हणायची, लेक 'बाबा' म्हणायची आणि बाकी सगळं जग 'पुठ्ठेकाका'. विजेच्या बिलावर पूर्ण नाव छापून यायचं, तेवढीच काय ती त्या नावाला हवा लागायची. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जो घोटाळा झाला त्याचं निम्मं खापर या नावावरच फोडावं लागतं.

काका बाइंडर. रस्त्याला लागून दोन खोल्या; मागच्या खोलीत संसार, पुढच्या खोलीत धंदा आणि दोन्हींकडे खळीचा वास. पुढे एक लाकडी शिकंजा, ज्यात चिकटवलेली पुस्तकं रात्रभर दाबून ठेवायची, कागद कापायचं यंत्र, दोऱ्याची रिळं आणि खिडकीखाली ठेंगणं टेबल. खळ मागच्या गॅसवर शिजायची. ती उतू गेली की नवराबायकोत जुंपायची आणि मिटायचीही लगेच, कारण खळ गार व्हायच्या आत वापरावी लागते.

सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे सार्वजनिक वाचनालय. तिथली फाटकी, कणा मोडलेली, कान पिळल्यासारखी कोपरे दुमडलेली पुस्तकं काकांकडे यायची. काका ती पूर्ण उसवायचे, एकेक फर्मा, म्हणजे एकत्र शिवायच्या पानांची एकेक घडी, नव्याने शिवायचे आणि वर तांबड्या कापडाचा अंगरखा चढवायचे. त्यांची एकच खोड होती. वर्षानुवर्षं शिक्के खाऊन पहिल्या पानाच्या चिंध्या झालेल्या असल्या की ते पान ते सरळ फेकून द्यायचे आणि तिथे कोरं पान लावायचे. त्या पानाबरोबर वाचनालयाचा शिक्काही जायचा, क्रमांकही जायचा. वाचनालयाने सुरुवातीला आरडाओरडा केला, मग हात टेकले. काकांकडून जे येईल त्यावर डोळे मिटून नवा शिक्का मारायचा, क्रमांक नसेल तर नवा द्यायचा आणि मांडणीत लावून मोकळं व्हायचं, असा शिरस्ताच पडून गेला.

शिवता शिवता काका वाचायचे. वाचणारा बाइंडर धंद्याला मारक, असं त्यांचे वडील म्हणायचे, तेही बाइंडरच होते. एकदा एक जाडजूड कादंबरी दुरुस्तीला आली आणि काका तिच्यात असे गुंतले, असे गुंतले की खळ करपली. आणि शेवटी बघतात तर शेवटचा फर्माच गायब! नायिका स्टेशनवर उभी ती उभीच. काकांनी दुसरी प्रत शोधली, ओळखीपाळखीत विचारलं, कुणालाच पत्ता नाही. आठवडाभर त्यांना जेवण गोड लागेना. अखेर त्यांनी स्वतःच मनाशी शेवट रचला, तिला गाडीत बसवून दिलं आणि मग कुठे झोप लागली. त्यातून एक भलतीच गोष्ट झाली. शेवट रचता येतो, तर सुरुवात का नाही, असं त्यांना वाटू लागलं.

तर काकांनी कादंबरी लिहिली. नाव 'सामाईक जिना'. दोन सख्खे भाऊ घराची वाटणी करतात, सगळं चोख निम्मं निम्मं होतं, फक्त जिना एकच राहतो. आणि बोलणं बंद झालेले दोघे उरलेलं आयुष्य त्या जिन्यावर एकमेकांना वाट देत चढत उतरत राहतात. काका दुपारच्या जेवणानंतर लिहायचे, बाइंडिंगच्या कातरणातल्या कागदांवर. दरवर्षी वाटायचं, या वर्षी संपेल. लेकीचं लग्न झालं तरी भाऊ आपले जिन्यावरच.

संपली तेव्हा लेकीने ती आपल्या कचेरीतल्या संगणकावर टाइप करून, छापून आणून दिली. "बाबा, सांभाळा हं, ती नोकरी मी सोडतेय, तिथे आता काही मिळणार नाही," असंही बजावून गेली. आणि आपल्या पुठ्ठेकाकांनी काय करावं? हाताने लिहिलेल्या कागदांचा ढीग नुसताच पडून आहे म्हणून तो घेतला आणि थरावर थर चिकटवून त्याचे पुठ्ठे केले, पुस्तकांच्या कण्यांना अस्तर लावलं. धंद्याची सवय, दुसरं काय! कागद वाया घालवणं त्यांना जमतच नव्हतं. वाचनालयातल्या किती पुस्तकांच्या पाठीत ते दोन भाऊ चिकटून बसले होते, देव जाणे. छापील प्रत राहिली ती एकच.

ती एकुलती एक प्रत त्यांनी बांधली. बांधणारच. सुटी पानं घेऊन प्रकाशकाकडे जायचं म्हणजे त्यांना उघड्या अंगाने लग्नाला गेल्यासारखं वाटत होतं. वाचनालयाचंच उरलेलं तांबडं कापड लावलं, त्यावर सोनेरी अक्षरात कादंबरीचं नाव आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव, ते विजेच्या बिलावरचं. पानांच्या कडा लाल रंगवल्या. फक्त शेवटचा फर्मा शिवला नाही, नुसता खळीने चिकटवला. प्रकाशकाने शेवट बदलायला सांगितला तर सहज काढता यावा म्हणून. दुसऱ्या कुणी असं चिकटवाचिकटवीचं काम केलं असतं, तर काकांनी त्याला दारात उभं केलं नसतं.

पहिल्या प्रकाशकाने पुस्तक हातात घेतलं, उघडलं नाही, कण्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "वा! काम फार सुबक आहे हो. नगाला काय घेता?"

"नगाला? अहो, हे मी..."

"थांबा, नमुना ठेवून जा. आमचा बाइंडर पळालाय. हे दोन गठ्ठे आत्ताच न्या, मंगळवारपर्यंत द्या."

काका घाम पुसत दोन गठ्ठे रिक्षातून घेऊन घरी आले. बायको दारातच उभी.

"अहो, पुस्तक द्यायला गेला होतात ना?"

"दिलं."

"मग हे काय?"

"हे... त्यांचं काम मिळालं."

बायकोने कपाळावर हात मारला. "धन्य आहे तुमची! मुलगी दाखवायला गेलात आणि त्यांच्याकडची भांडी घासायला घेऊन आलात."

मंगळवारी गठ्ठे पोचवताना काकांनी आपला 'नमुना' परत मागून आणला. दुसऱ्या प्रकाशकाला मग कुरिअरने पाठवलं, म्हणजे तोंडाची गाठ नको. तिकडून आठ दिवसांत पुस्तक परत, वर चिठ्ठी: 'आधी प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या आम्ही काढत नाही.' लेक फोनवर हसून हसून बेजार झाली. "बाबा, उसवा ते! सुटी पानं पाठवा, सगळे तसंच पाठवतात."

"सगळे बाइंडर नसतात," काका म्हणाले आणि फुगून बसले.

तिसऱ्या प्रकाशकाने मात्र आशा लावली. पुस्तक ठेवून घेतलं, चहा पाजला, तीन महिन्यांनी बोलावलं. त्याच्या कचेरीत भिंतीला लावून पुस्तकंच पुस्तकं होती आणि टेबलावर चष्म्याची दोन घरं. तो अगदी आदराने बोलला. "अथपासून इतिपर्यंत वाचली. भाषा छान आहे. ते दोघं भाऊ तर डोळ्यांसमोर उभे राहतात. पण सध्या बाजारच असा आहे की..." काका मान डोलावत होते आणि मांडीवर घेतलेल्या पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवत होते. कडा रंगवल्या की पानं एकमेकांना जराशी चिकटतात. पहिल्यांदा उलटताना बारीक टक् असा आवाज होतो आणि मग ती कायमची सुटतात. पहिली चार-पाच पानं सुटली होती. पुढची सगळी जशी काकांनी रंगवली तशीच एकमेकांना बिलगून होती.

काका नमस्कार करून निघाले. घरी येऊन बायकोला एवढंच म्हणाले, "अगं, छापायचं राहू दे. कुणीतरी एका परक्या माणसाने ते शेवटपर्यंत वाचावं, एवढंच मला पाहिजे होतं. तेवढंसुद्धा मागणं जास्त झालं बघ." बायकोने ते कधीच वाचून काढलं होतं, लेकीनेही टाइप करता करता वाचलं होतं, पण घरच्यांचं कौतुक म्हणजे घरचंच. ते बोलताना काकांचा आवाज असा बारीक झाला की बायकोला टोमणा सुचला नाही. काकांनी पुस्तक टेबलावर तयार कामाच्या चळतीवर पालथं टाकलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसले.

दोन दिवसांनी ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. परत आले तर टेबल लख्ख.

"वाचनालयाची गाडी आली होती," बायको आतून म्हणाली. "दिली सगळी चळत. आणि रद्दीवालाही आला होता, खालचं कातरण पण देऊन टाकलं. किती दिवस पडलं होतं."

डोळ्यांत औषध घातल्यामुळे काकांना आधीच धूसर दिसत होतं, आता काहीच दिसेना. त्यांनी टेबल हाताने चाचपलं, शिकंज्याखाली हात घातला, गॅसच्या मागेसुद्धा बघितलं. बायको पदराला हात पुसत बाहेर आली आणि तिला कळलं. "अगं बाई! ते त्यात होतं? अहो, सगळी तांबडीच होती, मला काय कळणार!" आणि तीही टेबलाखाली शोधायला लागली.

दुसऱ्या दिवशी काका वाचनालयात गेले. काउंटरवरच्या माणसाला सरळ सांगावं, माझी कादंबरी चुकून आली आहे, तर जीभ वळेना. इतकी वर्षं ज्यांच्यासमोर खळीचे हात घेऊन उभं राहिलो, त्यांना कसं सांगायचं की मी लिहितो? प्रकाशकांनी तोंडाला पानं पुसली, आता इथेही हसं करून घ्यायचं?

"माझं एक पुस्तक चुकून तुमच्याकडे आलंय का?"

"कसलं पुस्तक?"

"तांबड्या कापडाचं."

तो माणूस हसत सुटला. "काका, आजूबाजूला बघा जरा. इथे अर्धं वाचनालय तांबडं आहे. तुमचीच कृपा!"

काकांनी मग स्वतः मांडण्या धुंडाळल्या, खालच्या कप्प्यांसाठी गुडघे टेकले, वरच्यांसाठी शिडी घेतली. नव्हतंच. म्हणजे रद्दीत गेलं. रद्दीवाल्याने तर हातच झटकले, माल त्याच संध्याकाळी पुढे गेला होता. काका घरी आले आणि म्हणाले, "गेलं."

बायको रडरड रडली. "ते पुठ्ठे फोडा की! तुम्ही लिहिलेले कागद आहेत ना त्यांच्यात?"

"माझं एक पुस्तक सापडावं म्हणून दुसऱ्यांचे कणे मोडू? आणि खळीत भिजलेलं काय वाचता येणार आहे?" काकांनी तिला पाणी आणून दिलं. "तुझी चूक नाही. मीच ठेवलं होतं तिथे. जाऊ दे, लेखक म्हणून आपला काही गाजावाजा व्हायचा नव्हता." पण त्या दिवसापासून दुपारच्या जेवणानंतर ते आडवे पडायला लागले आणि झोप तर येत नसे.

वर्ष तसंच गेलं. मग एका सकाळी वाचनालयाची ग्रंथपालबाई स्वतः दारात उभी राहिली. ती कधी यायची नाही, गाडी पाठवायची. काखेत एकच पुस्तक होतं.

"काका, बाकीचं काम राहू दे. हे आधी करून द्या. लोकांनी माझा जीव खाल्लाय."

तिने ते टेबलावर ठेवलं. तांबडं कापड कोपऱ्यांवर झिजून पांढरं पडलेलं. सोनेरी अक्षरं निम्मी उडालेली. कणा मधोमध तडकलेला. काकांनी नाव वाचायच्या आधीच हाताने ओळखलं, कारण स्वतःची बांधणी माणूस अंधारातही ओळखतो. त्यांच्या कानशिलात रक्त असं वाजायला लागलं की बाई पुढे काय बोलते ते त्यांना नीट ऐकू येईना.

"...कुठून आलं कोण जाणे, कुणाच्या लक्षातही नाही. मांडणीत कधी दिसलंच नाही, हातोहात जातं. एकाने आणलं की दुसरा दारातच उभा. पण या आठवड्यात परत आलं ते असं." तिने मागचं पान उघडून दाखवलं. "शेवटची पानंच नाहीत. गळून पडली कुठेतरी. नुसती चिकटवली होती, शिवलीच नव्हती. कुठल्या गाढवाने बांधलं होतं कोण जाणे!"

मागच्या खोलीच्या दारात बायको येऊन उभी होती. तिने तोंडावर पदर दाबला.

काका पुस्तक उलटसुलट करत होते. कडांचा लाल रंग सगळीकडून पुसट झालेला. त्यांनी पहिलं पान उलटलं, दहावं उलटलं, मधलं उलटलं. कुठेच टक् वाजलं नाही. एकेक पान सुटलेलं होतं, मऊ पडलं होतं. आई वारते त्या प्रकरणापाशी पान पाण्याचा थेंब पडल्यासारखं फुगलं होतं. भाऊ पहिल्यांदा जिन्यावर समोरासमोर येतात तिथे कुणी तरी चहाचा पेला ठेवला होता. आणि कणा तडकला होता तो नेमका त्या पानावर, जिथे थोरला आजारी पडतो आणि धाकटा अर्ध्या जिन्यात येऊन थांबतो. पुस्तक आपोआप तिथेच उघडत होतं. म्हणजे तिथे लोक थांबत होते, पुन्हा पुन्हा वाचत होते. इतकी वर्षं काका दुसऱ्यांची पुस्तकं अशी बघत आले होते, पण स्वतःच्या पुस्तकाचे हे हाल बघून कुणाला इतका आनंद झाला असेल असं वाटत नाही.

"तुम्ही जुन्या पुस्तकांतले जाणकार," बाई म्हणाली. "दुसरी प्रत कुठे मिळेल का? मी सगळीकडे विचारलं. कुणी या लेखकाचं नावसुद्धा ऐकलेलं नाही. आणि एक आजी आहेत, रोज येतात. पुस्तक त्यांच्याच हातात होतं, शेवटाशी आल्या आणि पानं नाहीत. मला म्हणतात, मला दुसरं काही नको, एवढंच सांगा, धाकट्याने दार वाजवलं की नाही?"

"वाजवलं," काका म्हणाले.

बाई थांबली. "तुम्ही वाचलंय?"

"हो... म्हणजे... शिवताना..."

"पण हे तुमच्याकडे कधी आलं शिवायला? पहिल्यांदाच आणलंय मी."

काका चाचरायला लागले. टेबलावरची सुई उचलली, ठेवली, परत उचलली. ते अजून तासभर तसेच चाचरत राहिले असते, पण बायकोला गप्प बसायची सवय कधीच नव्हती. ती पुढे आली, टेबलावरचं पुस्तक उचललं आणि त्या उडालेल्या सोनेरी अक्षरांवर बोट ठेवलं.

"हे नाव वाचलंत का?"

"वाचलं की. त्याचाच तर शोध चाललाय."

"मग हे घ्या. हे समोर बसलेत तेच. आणि ते चिकटवणारं गाढव म्हणताय ना, तेही हेच."

ग्रंथपालबाईने एकदा नावाकडे बघितलं, एकदा काकांकडे. मग ती समोरच्या स्टुलावर धपकन बसली, तिथे ओल्या खळीचा ब्रश होता तरी. "काका! अहो, मी तुम्हाला इतकी वर्षं ओळखते, आणि मला तुमचं नाव माहीत नाही?"

"कुणालाच माहीत नाही," काका म्हणाले, आणि त्यांना एकदम हसू फुटलं. मग ती हसली, मग बायको, आणि हसता हसता काकांचे डोळे कधी भरून आले ते त्यांनाच कळलं नाही. वर्षभर छातीवर ठेवलेलं वजन कुणीतरी अलगद उचलून घेतल्यासारखं वाटलं. हरवलं नव्हतं. नुसतं फिरत होतं.

"सगळ्यांना सांगू का?" बाईने जाताना साडीला लागलेली खळ पुसत विचारलं.

"त्या आजींना सांगा, गुरुवारी या म्हणावं. बाकीचं नंतर बघू."

काकांना जुना शेवट आठवत होता. त्यात धाकटा दार वाजवतो, थोरला उघडतो, आणि मग दोघे पानंच्या पानं बोलतात. इतकी वर्षं साचलेलं सगळं ओकून टाकतात. तो शेवट त्यांनी कधी शिवला नव्हता, म्हणजे मनातून त्यांनाही तो पटला नव्हताच. दुपारी जेवण झाल्यावर ते आडवे पडले नाहीत. कोरे कागद घेतले, यंत्रावर त्याच मापाचे कापले आणि खिडकीखाली बसून लिहायला लागले. धाकट्याने दार वाजवलं. थोरल्याने उघडलं. आणि दोघांना काय बोलावं ते सुचेना, म्हणून थोरला म्हणाला, "जिन्यातला दिवा गेलाय, जपून उतर." एवढंच. बुधवारी संध्याकाळी बायकोला वाचून दाखवलं, तर ती खळ ढवळतच राहिली आणि खळ उतू गेली, पण त्या दिवशी भांडण झालं नाही.

मग काकांनी पुस्तक पूर्ण उसवलं. एकेक फर्मा पुन्हा शिवला, हाताने लिहिलेला शेवटचा फर्मा दुहेरी दोऱ्याने शिवला आणि गाठ ओढून ओढून बघितली. चहाचा डाग राहू दिला. पाण्याने फुगलेलं पान दाबून सपाट केलं नाही. कापड तेवढं नवं, तांबडंच.

शिक्के खाऊन पहिल्या पानाच्या चिंध्या झाल्या होत्या. काकांनी ते फाडायला सवयीने बोटात धरलं. वाचनालयाचा जांभळा शिक्का, त्याखाली क्रमांक, आणि ने-आण होऊन मळलेला कोपरा. त्यांनी ते पान सोडून दिलं, मागून पातळ कागद चिकटवून त्याला आधार दिला आणि आयुष्यात पहिल्यांदा एक शिक्का होता तसाच जागेवर ठेवला.